बरणीतले सरोवर : पुण्याच्या घरात मारिमो ठेवताना

मित्रहो, मत्स्यालयाच्या दुकानांत मॉस बॉल या नावाने जो हिरवा, मखमली गोळा मिळतो, त्याच्यासाठी बरणी कशी मांडावी आणि कशी सजवावी, हा आजचा विषय आहे. सजावटीकडे वळण्यापूर्वी हा गोळा मुळात कसा जगतो हे समजून घेऊ, कारण बरणीत काय घालावे आणि काय टाळावे, याची बहुतेक उत्तरे त्यातच आहेत.

एगाग्रोपिला लिनेई हे त्याचे शास्त्रीय नाव. हे गोड्या पाण्यातील हिरवे शैवल असून त्याला मूळ, खोड, पान असे काहीही नसते. शाखा फुटलेले बारीक तंतू केंद्रापासून बाहेर वाढत जातात आणि त्यांचाच घट्ट गोळा बनतो. त्याच्या आत खडा किंवा अन्य कसलाही गाभा नसतो. जपानच्या होक्काइदो बेटावरील आकान सरोवरातले गोळे सर्वांत प्रसिद्ध आहेत. जपानी लोक त्यांना मारिमो म्हणतात, आणि १९२१ साली नैसर्गिक स्मारक व १९५२ साली विशेष नैसर्गिक स्मारक म्हणून तेथे त्यांना संरक्षण देण्यात आले. तेथील मोठ्या गोळ्यांचा व्यास २० ते ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, मात्र वाढ वर्षाला जेमतेम ५ मिलिमीटर. दुकानातला छोटा गोळासुद्धा त्यामुळे मान देण्याजोगा वयस्क असू शकतो.

आकानच्या उथळ भागात वाऱ्याने लाटा उठतात आणि त्या तळाशी पडलेल्या गोळ्यांना लोळवत राहतात. या लोळण्यामुळे प्रत्येक बाजूला उजेड मिळतो, अंगावरचा गाळ झडतो आणि आकार गोल राहतो. पाणी थंड असते, हिवाळ्यात तर सरोवर गोठते. उजेड पाण्यातून गाळून, मंद होऊन तळाशी पोहोचतो. थंडावा, मंद उजेड आणि हालचाल ही तीन कामे तेथे सरोवर करते. बरणीत ती आपल्याला करावी लागतात आणि माझ्या मते सजावटीची कसोटी एवढीच आहे की, तिने या तिन्हींत अडथळा आणू नये.

बरणी रुंद तोंडाची आणि पारदर्शक काचेची असावी, जेणेकरून हात सहज आत जाईल. लोणच्याची काचेची जुनी बरणी उत्तम, पण तेलाचा आणि मिठाचा अंश पूर्ण जाईपर्यंत ती गरम पाण्याने धुवावी. साबण शक्यतो वापरू नये. एका लहान गोळ्याला लिटरभर पाणी पुरेसे होते. महापालिकेच्या नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असल्याने ते उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मग वापरावे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले, तर ते निवळू देऊन फडक्यातून गाळून घ्यावे, कारण बारीक गाळ तंतूंमध्ये अडकला की उजेड अडतो. बोअरचे जड पाणी शक्यतो टाळावे.

आता सजावट. तळाशी स्वच्छ धुतलेल्या वाळूचा बोटभर थर द्यावा आणि त्यावर दोन-चार गुळगुळीत खडे ठेवावेत. आपल्याकडचा काळा बेसाल्ट या कामाला फार शोभतो. काळ्या दगडाशेजारी तो हिरवा रंग जितका उठून दिसतो, तितका दुकानातील रंगीत खड्यांशेजारी कधीच दिसत नाही. मात्र दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत अनेकदा पांढरी खनिजे असतात आणि त्यांपैकी कॅल्साइट पाण्याचा जडपणा वाढवते. पांढऱ्या भागावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले, तर तो दगड बाहेरच ठेवावा. समुद्रावरून आणलेले शंख-शिंपले याच कारणाने नकोत. तांब्या-पितळेच्या वस्तूंबाबत मी विशेष आग्रहाने सांगतो. नाणे, छोटी मूर्ती किंवा घंटा पाण्यात ठेवण्याची हौस आपल्याकडे आहे, परंतु तांबे शैवलाला मारक असते. शैवल नष्ट करण्यासाठी तलावांत मोरचूद वापरतात, ते याच गुणामुळे. मूर्ती ठेवायचीच असेल, तर ती बरणीशेजारी ठेवावी. टोकदार दगड, रंग दिलेल्या वस्तू आणि गोंदाने चिकटवलेले देखावे यांनाही आत जागा देऊ नये. गोळ्याला लोळायला मोकळा तळ हवा, म्हणून अर्ध्याहून अधिक वाळू उघडी राहिली, तर मांडणी चांगली जमली असे समजावे.

बरणी उत्तरेकडच्या खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. पश्चिमेची गॅलरी पूर्णपणे वर्ज्य, कारण गोल काचेतून ऊन एकवटते आणि थोडेसे पाणी झपाट्याने तापते. खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांची असते. या शैवलाला २५ अंश सेल्सिअसच्या आतले पाणी मानवते आणि पुण्याचा पारा तेव्हा चाळिशीजवळ असतो. माठातले पाणी ज्या तत्त्वाने थंड होते, तेच येथे वापरता येते. परातीत ओली वाळू पसरून तीत बरणी ठेवावी आणि भोवती ओले सुती फडके गुंडाळावे. आपला उन्हाळा कोरडा असल्याने बाष्पीभवन जलद होते आणि पाणी काही अंशांनी उतरते. पावसाळ्यातील दमट हवेत हा उपाय चालत नाही, पण तेव्हा त्याची गरजही फारशी पडत नाही.

पाणी आठवड्यातून एकदा बदलावे. थंडीत पंधरवड्याने बदलले, तरी शैवलाचे काही बिघडणार नाही, परंतु डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडी घालतो. ही अंडी पाण्याच्या रेषेवर काचेला चिकटतात आणि कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून केवळ पाणी ओतून देणे पुरत नाही. आतली काच घासून काढावी आणि तोंडाला मलमलीचे फडके बांधावे. त्याच वेळी गोळा हातात घेऊन स्वच्छ पाण्यात हलकेच दाबावा, तळव्यांत फिरवावा आणि दुसरी बाजू वर येईल असा ठेवावा. आकानमध्ये लाटा जे करतात, ते आपण हाताने करतो. भल्या सकाळी उजेड पडल्यावर तंतूंत प्राणवायूचे बुडबुडे धरतात आणि कधी गोळा तरंगूही लागतो. ते प्रकाशसंश्लेषणाचे निरोगी लक्षण आहे, घाबरून जाऊ नये. एखादी बाजू पांढुरकी झाली, तर उजेड जास्त होतो आहे. तळाची बाजू तपकिरी पडली, तर फिरवणे कमी पडते आहे.

खत मात्र कधीही घालू नये. आइसलंडच्या म्यवात्न सरोवरातील गोळ्यांना २००६ साली कायद्याचे संरक्षण मिळाले, तरीही पुढील काही वर्षांत ते जवळजवळ नाहीसे झाले. पाण्यातील पोषकद्रव्ये वाढल्याने सूक्ष्मजीव माजले आणि तळाशी उजेड पोहोचेनासा झाला, हे त्याचे कारण मानले जाते. बरणीतही हेच घडते, आणि फार लवकर घडते.

विकत घेताना गोळा हलकेच दाबून पाहावा, कारण प्लास्टिकच्या गोळ्यावर दुसरी पाणवनस्पती गुंडाळूनही विक्री होते. घरी आणल्यावर तो काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवून निरखावा. २०२१ साली अमेरिकेत आयात केलेल्या मॉस बॉलमध्ये झेब्रा शिंपले, म्हणजे नव्या जलाशयात शिरले की झपाट्याने पसरणारे उपद्रवी छोटे शिंपले, सापडले आणि देशभरातील दुकानांतून माल परत घ्यावा लागला होता. बरणीतले पाणी म्हणूनच कुंडीतल्या झाडांना घालावे, आणि नको झालेला गोळा मुठेत किंवा पाषाणच्या तलावात न सोडता पूर्ण वाळवून कुंडीच्या मातीत पुरावा.