जठरातली परकी वस्ती

(दृश्य: एंडोस्कोपीच्या पडद्यावर जठराचं गुलाबी अस्तर. एका जागी ते सुजलेलं, खरवडल्यासारखं.)

टॉन्सिलमध्ये, आतड्याच्या भिंतीत लिम्फ पेशींची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, ठाणी जन्मापासून असतात. निरोगी जठरात ती जवळपास नसतात. मग इथे लिम्फोमा, म्हणजे याच पेशींचा कर्करोग, होतो कसा?

ही वस्ती वसते हेलिकोबॅक्टर पायलोरीमुळे. हा पिळदार जंतू युरियापासून अमोनिया बनवतो, भोवतीचं आम्ल सौम्य करतो आणि जठराच्या बुळबुळीत थरात वर्षानुवर्षं तग धरतो. त्याच्याशी लढायला टी आणि बी या दोन प्रकारच्या लिम्फ पेशी जमतात. जंतूला ओळखणाऱ्या टी पेशी चिथावत राहतात, बी पेशी वाढत राहतात. क्वचित एखाद्याच्या जठरात त्यातल्या एकाच पेशीची पिलावळ हाताबाहेर जाते. हाच माल्ट लिम्फोमा (माल्ट म्हणजे आतल्या अस्तरालगतची लिम्फ पेशींची वस्ती).

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी.)

१९९१ साली लंडनच्या वॉदरस्पून, आयझॅकसन आणि सहकाऱ्यांना अशा ११० रुग्णांपैकी १०१ जणांत हा जंतू सापडला. १९९३ मध्ये त्यांनी सहा जणांना फक्त प्रतिजैविकं दिली. पाच जणांच्या बायॉप्सीत, म्हणजे अस्तराचे तुकडे काढून केलेल्या तपासणीत, लिम्फोमा उरला नाही. कर्करोग, आणि औषध जंतूवरचं!

तक्रारी मात्र साध्याच असतात: अपचन, पोटाच्या वरच्या भागात दुखणं. रुग्ण आम्लपित्ताच्या गोळ्या घेत राहतो आणि त्याच गोळ्यांमुळे जंतूची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून पँटोप्रॅझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे आधी थांबवायच्या, अर्थात डॉक्टरांना विचारून. एका तुकड्यावर भागत नाही. जठराच्या प्रत्येक भागातून तुकडे घ्यावे लागतात. त्यांत मोठ्या पेशींचे थर दिसले, तर तो वेगळा, वेगाने वाढणारा लिम्फोमा असतो.

जंतूवरचा उपचार साधारण १४ दिवसांचा. तोंड कडवट होतं, मळमळतं, आणि काही जण मध्येच गोळ्या सोडतात. उरलेला जंतू मग औषधाला जुमानत नाही. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची युरिया तपासणी करतात. जंतू गेला तरी गाठ लगेच विरत नाही. महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. एंडोस्कोपीत वाढ दिसत नसेल, तर थांबणं हाच उपचार.

गाठीच्या पेशींत अकराव्या आणि अठराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतील, तर प्रतिजैविकांचा सहसा उपयोग होत नाही. तेव्हा किरणोपचार: एकूण २४ ते ३० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), रोज थोडे थोडे. दर वेळी रिकाम्या पोटी, म्हणजे जठर तेवढंच आकसलेलं राहतं.