लंडनच्या पोटातली लाल माती

नमस्कार मंडळी. आधी हा फोटो नीट बघा.

(स्क्रीनवर: खड्ड्याच्या उभ्या कडेचा फोटो)

लंडनच्या सगळ्यात जुन्या भागात नव्या इमारतीसाठी पाया खणताना, रस्त्याच्या काही मीटर खाली कधी कधी असा लाल-नारिंगी पट्टा लागतो. ही माती मुळात लाल नव्हती. रोमन लंडनमधली, म्हणजे लोंडिनियममधली, सुरुवातीची बरीच घरं आपल्या कुडाच्या घरांसारखीच होती. लाकडी सांगाडा, मधे काठ्या, वरून मातीचं लिंपण. घर पेटलं की ते लिंपण विटेसारखं भाजून निघतं आणि मातीतलं लोह तिला लाल करतं. या थरातलं एखादं ढेकूळ हातात घेऊन उलटं केलं, तर आतल्या बाजूला काठ्यांच्या खोबणी दिसतात. काठी जळून गेली, तिचा ठसा तेवढा राहिला. मला तर हे ढेकूळ सोन्याच्या नाण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

इ.स. 60 किंवा 61 मध्ये ब्रिटनमधल्या आइसेनी टोळीची राणी बूडिका रोमनांविरुद्ध उठली आणि तिच्या सैन्याने हे कोवळं शहर जाळलं. रोमन इतिहासकार टॅसिटसने ते लिहून ठेवलंय. त्यामुळे लाल थर दिसला की लगेच ‘बूडिका!’ म्हणावंसं वाटतं. पण जरा थांबा. साधारण साठ वर्षांनी, हेड्रियन सम्राटाच्या काळात, लंडन पुन्हा एकदा मोठ्या आगीत सापडलं. म्हणजे लाल थर दोन असू शकतात. तुमच्या समोरचा कुठला?

समजा, लाल थराखालच्या चोपलेल्या जमिनीत ट्राजन सम्राटाचं नाणं रुतलेलं मिळालं. ट्राजनची कारकीर्द 98 ते 117. मग बूडिका बाद, कारण ते नाणं तेव्हा पाडलंच गेलं नव्हतं. आता उलट बघा. तिथे नीरोचं नाणं मिळालं तर? नीरो 54 ते 68 मधला, तरीही काही सिद्ध होत नाही. आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा आज नव्या फरशीखाली पडला, म्हणून ती फरशी 1943 ची होत नाही ना! नाणं एवढंच सांगतं की थर माझ्या आधीचा नाही.

आणि खरा घोटाळा करतात ते खड्डे. नंतरच्या काळात कुणीतरी वरून कचऱ्याचा खड्डा खणला, तो लाल थर फोडून खाली गेला, आणि भरताना तीच लाल माती परत आत पडली. रंग सारखाच! खड्डा ओळखू आला नाही, तर त्यातलं ट्राजनचं नाणं तुम्ही जुन्या जमिनीत सापडलेल्या वस्तूंच्या पिशवीत टाकता आणि अख्ख्या घराची तारीख चुकते. म्हणून ट्रॉवेलने, म्हणजे छोट्या थापीने, माती हलक्या हाताने खरवडायची, पाण्याचा फवारा मारायचा, कडा शोधायची. बऱ्याचदा डोळ्यांआधी हाताला कळतं, भरावाची माती भुसभुशीत लागते.

खड्डा खणणं ही एक घटना आणि तो भरणं ही दुसरी, म्हणून दोन्हींना वेगळे क्रमांक देतात. अशा शेकडो क्रमांकांत आधी कोण आणि नंतर कोण, हे दाखवणारा तक्ता पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी 1973 मध्ये इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या उत्खननाच्या कामातून तयार केला. आज जगभर तो वापरतात. दगडी इमारतीत तर कधी कधी अख्खी भिंतच गायब असते, पुढच्या पिढ्यांनी पायातले दगडसुद्धा उपसून नेलेले असतात. उरतो फक्त भिंतीच्या आकाराचा चर, वेगळ्या मातीने भरलेला. भिंत नसली तरी घराचा नकाशा मिळतो.

या सगळ्याच्या वर लंडनमध्ये बऱ्याच ठिकाणी जाड, काळपट माती असते. पूर्वी रोमन थरांपर्यंत लवकर पोचायचं म्हणून ती सरसकट उपसून टाकायचे. याचं मला फार वाईट वाटतं. आता तिचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तेव्हा तिच्यात गांडुळांनी कालवून टाकलेलं लिंपण, राख आणि कोळसा सापडतो. आपल्याकडे जुन्या गावठाणांची पांढरी माती शेतकऱ्यांनी गाड्या भरभरून शेतात नेली, कसदार म्हणून. तीही अशीच बनली होती, कुणाच्या तरी चुलीतल्या राखेची आणि पडलेल्या भिंतींची.