फाउंटनला बसायचं कुठे?

मंडळी, मुंबईच्या फोर्टमधल्या या चौकाचं नाव काय, इथूनच वाद सुरू होतो. पाटीवर हुतात्मा चौक, भुयारी मेट्रोच्या स्टेशनवरही हुतात्मा चौक, आणि बसमध्ये अजून ‘एक फाउंटन द्या’. मला दोन्ही नावं हवीत. त्या चौकाला दोन जन्म आहेत आणि त्यातला एक गाळून त्याच्या भविष्यावर बोलता येत नाही.

पहिला जन्म १८६४चा. फोर्टचे तट पाडले, चर्चगेट हा दरवाजा गेला, स्टेशनच्या नावात तेवढा उरला. त्याच्या आसपास पोर्टलंडच्या दगडाचं हे कारंजं उभं राहिलं. ते मुळात भायखळ्याच्या राणीबागेत बसवायचं ठरलं होतं. म्हणजे बागेची वस्तू रस्त्यात आली आणि माझ्या मते घोळ तिथेच झाला. बागेतल्या कारंज्याभोवती माणूस टेकतो. रस्त्यातल्या कारंज्याला वळसा घालून निघून जातो.

दुसरा जन्म २१ नोव्हेंबर १९५५चा. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले होते, कौन्सिल हॉलकडे, म्हणजे तेव्हाच्या विधानसभेकडे, जायचं होतं. फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, १५ माणसं गेली. पुढे १०५ हुतात्मे हा आकडा आपण सगळे पाठ करून मोठे झालो, नंतर तो १०६ झाला. मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचं स्मारक त्यासाठी उभं राहिलं. मी आर्किटेक्ट आहे, इतिहासकार नाही, म्हणून मला यात एक साधी गोष्ट दिसते: त्या दिवशी एवढे लोक तिथे मावले. चौकाची क्षमता किती, हे कुणी टेप लावून मोजलं नव्हतं, ते गर्दीने दाखवून दिलं. आज तिथे सभा होत नाही. मोर्चे आझाद मैदानात अडतात. स्मारकाला वर्षातून दोनदा, १ मे आणि २१ नोव्हेंबरला, हार चढतात. बाकीचे दिवस गाड्यांचे.

२०१९मध्ये कारंज्याचं जतनाचं काम पुरं झालं. वर्षानुवर्षं चोपडलेल्या रंगाचे थर काढले, आतली पाण्याची व्यवस्था दुरुस्त केली, दगड पुन्हा दगडासारखा दिसायला लागला. खोदताना १९६४मध्ये बंद झालेल्या ट्रामचे रूळ सापडले. हे काम चांगलं झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कारंज्याभोवती फरसबंदी करून मोकळी जागाही वाढवली. तक्रार आहे ती या जागेवर बसणाऱ्या उन्हाबद्दल.

एप्रिलमध्ये दुपारी दीड वाजता तिथे जाऊन बघा. मी गेलो होतो. सूर्य डोक्यावर, कारंज्याची सावली चटईएवढी, आणि त्या चटईवर तिघं जण: डबा उघडलेला एक शिपाई, फायलीवर बसलेला एक ज्युनियर वकील, आणि बूट काढून पाय शेकणारा, म्हणजे शेकले जाणारा, एक कुरियरवाला. सावली सरकली की तिघंही न बोलता वीतभर सरकत होते. बाकी हायकोर्टातली, बँकांमधली सगळी गर्दी कुठे होती? समोर दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या कमानींखाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या रस्त्यावरच्या इमारतींना खाली सलग कमानींची वाट ठेवायला लावली होती. सव्वाशे वर्षांनंतरही मुंबईत दुपारी उभं राहायला तीच जागा सापडते. या शहरात चौकाच्या डिझाइनचा पहिला मुद्दा सावली आहे. ग्रॅनाइटचा रंग, दिव्यांचे खांब, रोषणाई, हे सगळं नंतर.

मग झाडं लावा म्हटलं की वारसावाले नाराज होतात. झाडांनी दर्शनी भाग झाकला जातो म्हणतात. झाकला जाऊ दे थोडा. पानांतून दिसणारी कारंज्यावरची फ्लोरा काही कमी देवी नाही, ती फुलांचीच देवी आहे!

आता मुद्दा मेट्रोचा. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये भुयारी मार्गिका थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली. आजवर या चौकात माणसं बहुतेक चाकांवर यायची. आता ती जमिनीखालून, पायांनी वर येतात. वर आल्यावर त्यांना काय मिळतं, तर सिग्नल. म्हणून माझं म्हणणं आहे की कारंजं आणि स्मारक यांच्यामध्ये खाजगी गाड्या येऊ नयेत, बस येऊ द्या. ‘सगळं वाहनमुक्त’ ही घोषणा मला पटत नाही. बसने येणाऱ्या माणसाला दोन स्टॉप आधी उतरवून पादचाऱ्यांचं भलं होत नाही.

हे लगेच दगडात कोरायची गरज नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये २००९ला ब्रॉडवेचा तुकडा बंद केला तेव्हा आधी रस्त्यावर स्वस्तातल्या फोल्डिंग खुर्च्या टाकल्या होत्या. लोक बसतात का, कुठे बसतात, ते बघितलं. पक्कं बांधकाम काही वर्षांनी झालं. आपल्या पुण्यानेही २०२१पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पायी चालणाऱ्यांना मोकळा करून दाखवला. वर्षातून एक दिवस, पण खरेदीवर कुऱ्हाड पडेल ही भीती तपासून बघायला तेवढाही कामाला येतो. फाउंटनला सहा महिन्यांचे रविवार द्या. रंगाच्या पट्ट्या, ताडपत्र्या, दोन-तीनशे खुर्च्या.

आणि पुस्तकवाले. चर्चगेटकडे जाणाऱ्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या थप्प्या असायच्या. दोन हजारच्या दशकात कारवाई झाली, बरेच स्टॉल उठले, काही अजून आहेत. माझी कॉलेजची निम्मी पुस्तकं तिथली, त्यामुळे मी निःपक्षपाती नाही. पण आराखड्यात त्यांच्यासाठी एक रेघसुद्धा नसते. ‘हॉकर झोन नंतर बघू’ असं म्हणतात. नंतर कुणी बघत नाही. झाडं जिथे लावाल तिथेच त्यांना बसवा. गिऱ्हाईक उभं राहील, म्हणजे चौकात माणसं थांबतील, आणि संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर ओस पडणारा फोर्ट आठ वाजेपर्यंत तरी जागा राहील.

आता प्रश्न घेतो. पहिला त्या मागच्या बाईंचा, त्यांचा हात केव्हापासून वर आहे. बहुधा पार्किंगचंच विचारणार आहेत.