खसचा खरा रंग

[ओल्या ताटीवरून ओघळणारं पाणी]

मार्च सरता सरता नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली येतात आणि रस्त्याच्या कडेला खसच्या ताट्यांचे ढीग लागतात. २३ मे २०१३ रोजी या शहरानं ४७.९ अंश सोसले आहेत. ताटी ओली झाली की खोलीत जो वास पसरतो, तो नागपूरकराला समजावून सांगावा लागत नाही. पुण्याकडे वाळा, आयुर्वेदात उशीर, आमच्याकडे खस. ज्वारी आणि गवती चहा यांच्याच गोतातल्या एका गवताची ही मुळं. जमिनीत दोन-तीन मीटर खोल उतरतात.

ताटीची खस मात्र पोटात घ्यायची नाही. महाल भागातल्या या काकूंनी सरबतासाठी इतवारीच्या काष्ठौषधीच्या दुकानातून वेगळी आणली आहे. शंभर ग्रॅम.

[परातीत मुळं]

पहिलं पाणी बघा, निव्वळ गढूळ. दुसरंही तसंच. काकू चौथ्या पाण्यात बोटं फिरवतात, तळाशी कचकच लागत नाही याची खात्री करतात आणि मगच मुळांचे बोटभर तुकडे करतात. सव्वा लिटर पाणी, वर झाकण, आणि अख्खी रात्र. घाई इथे चालतच नाही. खसचं तेल जड आणि चिकट. अत्तरवाल्यांनासुद्धा ते काढायला भट्टी तासन्‌तास पेटती ठेवावी लागते.

[सकाळ. पातेल्यातलं पाणी, जवळून]

हा रंग नीट पाहा. कोऱ्या, फिकट चहासारखा. खसचा रंग तो हाच.

मंद आचेवर, झाकण ठेवूनच, पंधरा मिनिटं. मग मलमलच्या कापडातून गाळायचं. हाती येतं साधारण लिटरभर पाणी, आणि त्यात साखर दोन किलो. ऐकून दचकायला होतं, पण या पाकाला टिकवते ती साखरच. ती कमी पडली तर बाटली आठवड्यातच फसफसते.

पाकाला उकळी आली. काकू त्यात चमचाभर दूध सोडतात. करड्या फेसाची मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात, पुन्हा येते, पुन्हा काढतात. खालचा पाक काचेसारखा नितळ होत जातो. आता चिमटीत धरून बघतात.

“चिकट लागला पाह्यजे, पण तार नाही यायला पाह्यजे. तार आली का बाटलीत साखर बसते.”

गॅस बंद. एका लिंबाचा रस, त्यानंही साखर दाणे धरत नाही. थंड झाल्यावर कोरड्या काचेच्या बाटल्यांत भरायचं. तीन बाटल्या निघाल्या.

बाजारातल्या बाटलीचा हिरवा रंग वरून घातलेला असतो. तो पीत एक पिढी मोठी झाली.

[शेजारचा मुलगा, हातात ग्लास]

माठातलं पाणी, तीन चमचे पाक, भिजवलेला सब्जा. मुलगा ग्लास उजेडाकडे धरून पाहतो.

“हे खस नाही. खस तर हिरवं असते ना!”

“पिऊन तर पाह्य, बाबू.”

[मुलाचा चेहरा. निवेदन नाही.]

[गच्ची]

उकळलेली मुळं काकूंनी सुपात वाळत घातली आहेत. वास अजून आहे त्यांना. संध्याकाळी पुरचुंडी बांधून ती कूलरच्या पाण्यात सोडतील.