शेवटचं नीट कधी पाहिलं?

(पडद्यावर: कॅज्युअल्टीचा उतार. भिंतीवरचं घड्याळ.)

सकाळचे ७ वाजून २० मिनिटं. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी पिवळी व्हॅन थेट कॅज्युअल्टीच्या दारात येऊन थांबते. मागच्या सीटवर चौसष्ट वर्षांच्या काकू, पुणे जिल्ह्यातल्या एका गावातून आलेल्या. गावाचं नाव सांगणार नाही, रुग्णालयाचंही नाही. चेहरा दाखवायचा नाही असं घरच्यांशी ठरलंय, म्हणून कॅमेरा त्यांच्या उजव्या हातावर आहे. हात ट्रॉलीच्या कडेवरून खाली लोंबतोय. बोटांना ज्वारीचं पीठ आहे, वाळत आलेलं.

‘काकू, इकडे बघा. हसा बरं. दात दाखवा.’

‘आता दोन्ही हात वर धरा. धरून ठेवा.’

डावा हात वर राहतो. उजवा उचललाच जात नाही. नाव विचारलं तर ओठ हलतात, शब्द बाहेर येत नाही. चेहरा, हात, बोलणं. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात डॉ. रश्मी कोठारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात रुग्णवाहिकेतल्या लोकांसाठी ही पक्षाघात ओळखायची तीन प्रश्नांची चाचणी बसवली. हातोडी लागत नाही, मशीन लागत नाही. घरातलं कुणीही करू शकतं.

सिस्टरनी तोवर बोटाला सुई टोचली. शुगर १४२. साखर एकदम उतरली तरी माणूस असाच लुळा पडू शकतो, म्हणून ही तपासणी आधी.

आणि आता डॉक्टर वळतात सुनेकडे.

‘शेवटचं नीट कधी पाहिलं?’

‘साडेसहाला पडल्या ना.’

‘पडलेल्या कधी दिसल्या ते नाही विचारत. धडधाकट शेवटच्या कधी दिसल्या?’

(पडद्यावर: सुनेचे हात. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळतायत.)

अकरा दिवस आम्ही या कॅज्युअल्टीत कॅमेरा लावून बसलो होतो. हा प्रश्न रोज ऐकला आणि बहुतेकांना तो पहिल्यांदा कळत नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची. पण ती मोजायची कुठून? लक्षात आलं तेव्हापासून नाही. माणूस ठणठणीत असल्याचं कुणी शेवटचं पाहिलं किंवा ऐकलं, तिथून.

सूनबाई सांगते ते असं. सासूबाई पहाटे उठतात, भाकऱ्या त्याच करतात. ही आत झोपलेली. करपल्याचा वास आला म्हणून बाहेर आली तर तव्यावरच्या भाकरीतून धूर, आणि काकू ओट्याला टेकून खाली बसलेल्या. तेव्हा ६ वाजून ३५. त्याआधी भेट रात्री साडेनऊची, मालिका संपली तेव्हाची.

डॉक्टर काही बोलत नाहीत. रात्रीचे साडेनऊ धरले तर दहा तास होत आले. इंजेक्शनचा विषय संपला.

असे रुग्ण अगदी वाऱ्यावर सोडलेले नाहीत. २०१८ साली युरोपात झालेल्या एका चाचणीने दाखवलं की वेळ माहीत नसली तरी एमआरआयच्या दोन प्रकारच्या प्रतिमा शेजारी ठेवून मेंदूचं नुकसान ताजं आहे का जुनं, याचा अंदाज बांधता येतो आणि काही जणांना इंजेक्शन देता येतं. पण त्यासाठी एमआरआय हवा, तो मोकळा हवा, आणि सकाळी साडेसातला चालवणारं कुणी हवं.

इथे तशी वेळ आली नाही. मावशींना कळवावं म्हणून सूनबाईने काकूंचाच फोन उघडला. वरच एक व्हॉइस मेसेज होता, बहिणीला पाठवलेला. ६ वाजून १२ मिनिटांचा.

(पडद्यावर: फोनचा स्क्रीन. मेसेज वाजतो.)

‘ताई, मेथी आलीय गं मळ्यातली. निवडून ठेवते. संध्याकाळी ये, नाहीतर पोराला पाठव.’

एक शब्द अडखळलेला नाही. डॉक्टरांनी तो दोनदा ऐकला आणि कागदावर लिहिलं: ०६.१२.

(पडद्यावर: कॉरिडॉर, ट्रॉलीची चाकं, लिफ्टचं दार.)

सीटी स्कॅन दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट चौथ्यावर. वॉर्डबॉय मामा बटण दाबतात, परत दाबतात. ही चार मिनिटं आम्ही पूर्ण कापलेली नाहीत, थोडी दाखवतोय. ज्याने या इमारतीचा नकाशा काढला त्याने पक्षाघाताचा रुग्ण डोळ्यांसमोर ठेवला नव्हता, एवढंच म्हणतो.

मेंदूच्या दोन दुर्घटना बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. एकीत रक्तवाहिनी तुंबते, दुसरीत फुटते. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द, अंगावरून वारं गेलं. गुठळीचं औषध फुटलेल्या वाहिनीवर दिलं तर रक्तस्राव वाढणार. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रातून पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र निघालं, तोवर कवटी न उघडता हा फरक खात्रीने कळत नव्हता. ते यंत्र ज्या ईएमआय कंपनीचं, ती गाण्याच्या रेकॉर्ड विकायची.

(पडद्यावर: सीटीचा मॉनिटर.)

ताजं रक्त इथे पांढरं दिसतं. काकूंच्या स्कॅनमध्ये पांढरं काही नाही. खरं तर काहीच दिसत नाही, आणि नातेवाईक इथेच गोंधळतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हटल्यावर सूनबाईने हात जोडले. नॉर्मल म्हणजे रक्तस्राव नाही. तुंबलेल्या भागाचं नुकसान चित्रात ठळक उमटायला वेळ लागतो, आणि ते उमटायच्या आत औषध द्यायचं असतं.

रक्तदाब १९६/१०४. हा १८५/११०च्या खाली आल्याशिवाय सुई लावायची नाही. लॅबेटॅलॉलचं इंजेक्शन, थांबा, मोजा. पुन्हा मोजा. १७८/९६.

वजन? झोपलेल्या माणसाचं वजन कसं करणार? इथली एक ट्रॉली काट्यासकट आहे, तिच्यावर ६२ किलो. किलोमागे ०.९ मिलिग्रॅम म्हणजे ५५.८ मिलिग्रॅम. सिस्टर कुपीत पाणी सोडतात आणि कुपी हलवत नाहीत, तळहातावर हळू फिरवतात. हलवली की फेस येतो. बघत राहावंसं वाटणारं काम आहे. बाहेर सगळा आरडाओरडा, आणि या एका हातात ताकाची वाटी धरल्यासारखा संथपणा.

दहावा हिस्सा एका मिनिटात शिरेतून. उरलेला पंपातून, तासाभरात. ७ वाजून ५४ मिनिटं. दारातून सुईपर्यंत ३४ मिनिटं, मेथीच्या निरोपापासून १ तास ४२.

(पडद्यावर: पंपाचे हिरवे आकडे. थेंब.)

आता तासभर करण्यासारखं फारसं काही नाही. दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब, डोळ्यांत टॉर्च. तेवढ्यात या थेंबाची गोष्ट सांगून होईल.

१९३३. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम टिलेट घसा बिघडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंवर काम करत होते. त्यांना दिसलं की हे जंतू परीक्षानळीतली माणसाच्या रक्ताची गुठळी पातळ करून टाकतात. त्यातून आलं स्ट्रेप्टोकायनेज. हृदयविकारात त्याने पुढे पुष्कळ जीव वाचवले. पक्षाघातात मात्र १९९०च्या दशकात युरोप आणि ऑस्ट्रेलियात त्याच्या चाचण्या अर्ध्यावर थांबवाव्या लागल्या, कारण औषध दिलेल्या गटात मृत्यू जास्त होत होते.

दुसरं औषध आपल्याच शरीरात होतं. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून टीपीए नावाचं प्रथिन झिरपतं. रक्तात झोपलेल्या प्लाझ्मिनोजेनला ते जागं करतं, त्याचं प्लाझ्मिन होतं, आणि प्लाझ्मिन गुठळीतले फायब्रिनचे धागे कातरतं. टीपीएची गंमत अशी की ते फायब्रिनला चिकटल्यावरच जोरात चालतं. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात डेझिरे कोलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते त्वचेच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींपासून शुद्ध करून घेतलं, कारण त्या पेशी ते भरपूर सोडतात. पुढे अमेरिकेतल्या जेनेनटेक कंपनीने त्याचं जनुक चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशींत घातलं. पंपातला थेंब तोच. नाव आल्टेप्लेज. हृदयविकारासाठी अमेरिकेत परवानगी मिळाली १९८७ला.

मेंदूसाठी? तिथे प्रश्न औषधाचा कमी आणि सवयीचा जास्त होता. पक्षाघात म्हणजे दाखल करा, सलाईन लावा, सकाळी साहेब येतील. जगभर हेच चालायचं. जानेवारी १९९१ ते ऑक्टोबर १९९४ अमेरिकेत सरकारी खर्चाने चाचणी झाली. ६२४ रुग्ण, निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या कुपीतून नुसतं पाणी म्हणावं असं द्रावण. कोणाला काय हे डॉक्टरांनाही माहीत नाही. आणि अट अशी की सगळ्यांना तीन तासांच्या आत, त्यातल्या जवळपास निम्म्यांना दीड तासाच्या आत. या अटीने रुग्णालयांची झोप उडवली. रक्ततपासणी, स्कॅन, औषध, प्रत्येक खात्याला घड्याळ लावून पळावं लागलं. माझ्या मते त्या चाचणीचा खरा शोध ही पळापळ होती.

पहिल्या चोवीस तासांच्या ठरवलेल्या मापाने पाहिलं तर दोन गटांत ठोस फरक निघाला नाही. निघाला तीन महिन्यांनी. औषध मिळालेल्यांत अपंगत्व अजिबात नसण्याची किंवा अगदी किरकोळ असण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी जास्त. डिसेंबर १९९५मध्ये निष्कर्ष छापून आले, जून १९९६मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. २००८च्या युरोपीय चाचणीने मुदत तीनवरून साडेचार तासांवर नेली. पण अमेरिकेच्या त्या पहिल्या चाचणीत मेंदूत लक्षणं दिसण्याइतका रक्तस्राव औषधाच्या गटात ६.४ टक्के, दुसऱ्यात ०.६ टक्के, सूनबाईने सही केली त्या कागदावर हे होतं.

(पडद्यावर: पंप. ३१ मिलिलिटर उरले.)

हेलसिंकीचं चित्रण आमच्याकडे नाही, तिकडे जायचे पैसे नव्हते. पण तिथलं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९९८मध्ये तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात दारातून सुईपर्यंत १०५ मिनिटं लागायची. २०११मध्ये २०. औषध तेच, डोस तोच. मग बदललं काय? रुग्णवाहिकेने वाटेतूनच फोन करायचा. डॉक्टरांनी रुग्ण पोचायच्या आत नातेवाइकांकडून माहिती घ्यायची. सीटी यंत्र कॅज्युअल्टीला लागून आणलं. रुग्णाला खाटेवर न घेता रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवरूनच थेट स्कॅनला, आणि इंजेक्शन तिथेच, सीटीच्या टेबलावर. मेलबर्नच्या एका रुग्णालयाने त्यांचं बघून हेच केलं आणि काही महिन्यांत, निदान दिवसपाळीत, वेळ ४३वरून २५ मिनिटांवर आली.

मोठी वाहिनी तुंबली असेल तर आता जांघेतून नळी घालून गुठळी ओढूनही काढतात, २०१५पासून त्याचे भक्कम पुरावे आहेत. इथे ती सोय आहे, काकूंना गरज पडली नाही.

आणि पंपापाशी हे तासभर बसणंही आता संपत चाललंय. टेनेक्टेप्लेज हा टीपीएचाच भाऊ, तीन ठिकाणी बदल केलेला. रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून एकच टोचणी, काही सेकंदांत काम झालं. अमेरिकेने पक्षाघातासाठी त्याला परवानगी दिली मार्च २०२५मध्ये. भारतात तो त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे, आणि बनतो पुण्यात, जेनोव्हा कंपनीत. इथून गाडीने तासाभरावर. जिथे पंप नाही, पंप बघायला सिस्टर नाही, तिथे हे महत्त्वाचं आहे. हिमाचल प्रदेशात २०१४पासून जिल्हा रुग्णालयातले साधे फिजिशियन फोनवर तज्ज्ञांना स्कॅन दाखवून इंजेक्शन देतात, औषध सरकार देतं.

(पडद्यावर: व्हॅनचा चालक, चहाचा ग्लास हातात.)

प्रवासाचंही चित्रण नाही, ते हे शेजारी सांगतात. सूनबाई लिंबूपाणी पाजायला निघाली होती, पित्त असेल म्हणून. यांनी थांबवलं. बरं झालं, अशा वेळी बऱ्याचदा गिळता येत नसतं, पाणी छातीत जातं. वाटेत ओळखीचा दवाखाना लागला. ‘तिथं उतरवलं असतं तर सलाईन लावून बसवलं असतं. माझ्या वडलांना तसंच बसवलेलं.’ वडलांबद्दल ते पुढे बोलले नाहीत. साडेआठच्या शाळेच्या फेरीला उशीर झाला म्हणून पालकांचे फोन येत होते, ते घेत निघून गेले.

(पडद्यावर: पंपाचा बीप. ८ वाजून ५६ मिनिटं.)

‘काकू, बोटं हलवा बघू.’

(निवेदन नाही. १८ सेकंद, फक्त उजवा हात. चादरीवर पिठाचे कण पडतात.)

तीन महिन्यांनी काकू काठीशिवाय चालतात, बोलतात, भाकरी अजून थापता येत नाही.

(पडद्यावर: पुन्हा कॅज्युअल्टीचं दार.)

काकूंची ट्रॉली वर गेली तेव्हा नऊ वाजत होते. मामांनी दुसरी पुसून घेतली, तेवढ्यात रिक्षा आली. सत्तरीचे गृहस्थ, सोबत मुलगा आणि जावई. तोंड वाकडं, डावा हात मांडीवर पडलेला.

‘शेवटचं नीट कधी पाहिलं?’

मुलाने जावयाकडे पाहिलं. जावयाने मुलाकडे.

‘सकाळपासून झोपलेतच वाटलं.’

यांच्या घरच्यांनी चित्रीकरणाला नकार दिला. कॅमेरा आम्ही इथे बंद केला.