रॉड छातीवर बसतो तेव्हा

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

संयोजकांनी पत्रिकेवर विषय छापलाय ‘धावणे आणि आरोग्य’. तो एवढा अघळपघळ आहे की त्यावर बोललं काय नि न बोललं काय, सारखंच. म्हणून मी त्यातला एक लहानसा आणि जरा हसू येण्याजोगा तुकडा उचलतोय. लांब पल्ल्याचा धावपटू जिममध्ये गेला, तर त्याच्या हातांत, छातीत, खांद्यांत ताकद किती निघते? उत्तर आताच सांगून टाकतो: बेतास बात. पण ही ताकद मोजायची कशाने, तिथे खरी गंमत आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. वय चोवीस, वजन 54 किलो, दहा किलोमीटर सदतीस मिनिटांत. मिरामार ते दोनापावला आणि परत, ही रोजची सकाळ. मला वाटायचं, माझ्याएवढा तंदुरुस्त माणूस अख्ख्या पणजीत नसेल. एका मित्राने जिममध्ये नेलं. बेंच प्रेस म्हणजे बाकावर उताणं झोपून छातीवरून रॉड वर ढकलायचा. त्याचा नुसता रॉडच 20 किलोचा असतो, हे तिथे कळलं. दोन्हीकडे दहा-दहाच्या प्लेटा लावल्या, झाले 40. सहा वेळा उचलले. मग अंगात आलं आणि आणखी पाच-पाच चढवल्या. एकदा रॉड वर गेला. दुसऱ्यांदा खाली आला तो छातीवर बसला. बसला म्हणजे बसलाच. मी पाय झाडतोय, ओरडायला श्वास नाही, आणि मित्र पाण्याची बाटली भरायला गेलेला. शेजारी 90 किलोचे सेट मारणारा एक मुलगा आला, रॉड अलगद उचलून स्टँडवर ठेवला आणि फार मायेने म्हणाला, “तूं धांवपी न्हय रे?” म्हणजे, तू धावणारा ना रे?

त्या मुलाने दोन सेकंदांत निदान केलं होतं.

पुढे पंचवीसेक वर्षं मुलांना धावायला शिकवलं. जिममध्ये नेलं की प्रत्येकाचे आकडे वहीत टिपून ठेवायची सवय. माझ्या वहीतले पाच हजार, दहा हजार मीटर धावणारे बहुतेक मुलगे पहिल्या दिवशी 35 ते 50 किलोंच्या मध्ये अडकलेत. मुलींपैकी अनेकींना नुसता रॉडच पुरे झाला. ही माझी वही, शास्त्र नव्हे. पण ज्याने ज्याने धावपटूला बेंचवर झोपवलंय, त्याला हे आकडे ओळखीचे वाटतील.

असं का होतं? पहिलं कारण ढळढळीत आहे. शरीर ज्याचा सराव करतं ते त्याला येतं, आणि आठवड्याला शंभर किलोमीटर धावताना छातीला ढकलायचं काम एकदाही पडत नाही. दुसरं कारण वजनाचं. केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगे हा उंचीने 167 सेंटिमीटर आणि वजनाने साधारण 52 किलो. धडावर एक किलो वाढलं की धावण्याचा खर्च ढोबळमानाने एक टक्का वाढतो. खर्च आणि वेळ एकास एक चालत नाहीत हे खरं, तरी 2 तास 1 मिनिटाच्या मॅरेथॉनमध्ये एक टक्का म्हणजे सव्वा मिनिटाच्या आसपास. किपचोगेने 2018 साली बर्लिनला 2:01:39 ची वेळ दिली आणि 2022 साली त्याच शहरात 2:01:09. चार वर्षांची मेहनत, कमाई तीस सेकंद! त्या माणसाने दंडावर किलोभर मांस कशासाठी चढवावं? धावणं ही फार हिशेबी सासू आहे, घरात न लागणारी वस्तू ती ठेवू देत नाही.

तिसरं कारण ऐकायला मजेचं आहे. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने 1980 साली तीन गट केले. एक फक्त वजनं उचलणारा, एक फक्त दमसासाचा व्यायाम करणारा, एक दोन्ही करणारा. प्रयोग दहा आठवड्यांचा. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सुरुवातीला छान वाढली, पण सातव्या-आठव्या आठवड्यानंतर अडली आणि उतरायला लागली. फक्त वजनं उचलणाऱ्यांची मात्र वाढतच राहिली. म्हणजे भरपूर धावणारा माणूस जिममध्ये गेला तरी त्याचं धावणं त्याची ताकद एका मर्यादेपुढे वाढू देत नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय. मी तरुण होतो तेव्हा माझ्या एका प्रशिक्षकांनी वजनांना हातच लावू दिला नव्हता. “जड होशील,” म्हणायचे. ते वाक्य मी वीस वर्षं खरं मानलं, आणि वाईट याचं की पुढे माझ्या मुलांनाही तेच ऐकवलं. आठवड्यातून दोनदा डंबेल धरून कुठला मॅरेथॉनवाला पैलवान झालाय? पैलवान व्हायचं तर खुराक लागतो, विश्रांती लागते आणि धावणं सोडावं लागतं.

आता मोजमापाकडे येतो. आमच्या वाड्यावर एक पाडेली आहे. नारळ पाडायला येतो. वजन माझ्याएवढंच, पोट पाठीला लागलेलं. कंबरेला कोयता, पायांत दोरीचा फास, आणि सकाळी दहा वाजेपर्यंत वीस-बावीस माड. माझा एक विद्यार्थी त्याला गमतीने जिममध्ये घेऊन गेला. बेंचवर झोपवलं तर गड्याचे हात 40 किलोला थरथरले. पोरं हसली. मग कुणीतरी त्याला वरचा बार दाखवला. त्याने उडी मारून बार धरला आणि पुल-अप काढायला लागला. पंधरा झाले, वीस झाले. बाविसाव्याला थांबला, तो दमला म्हणून नव्हे. लोंबकळतच मान वळवून त्याने विचारलं, “आनी कितले?” हसणाऱ्यांतलं जे पोर 90 किलो ढकलायचं, त्याचे चार निघाले होते.

यात जादू काही नाही. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि वजन घनफळावर. माणूस सगळीकडून मोठा झाला की वजन ताकदीपेक्षा वेगाने वाढतं. म्हणून लोखंड उचलायचं तर मोठा माणूस जिंकतो, आणि स्वतःला उचलायचं तर लहान माणूस. धावपटूला मिरामारहून दोनापावलाला रॉड न्यायचा नसतो, स्वतःला न्यायचं असतं. तेव्हा त्याची परीक्षा घ्यायचीच तर बेंचवर न घेता बारवर घ्या. सैन्यभरतीचं बघा. सत्तरी तालुक्यातली, पेडण्यातली, पलीकडे सावंतवाडी-दोडामार्गातली पोरं पहाटे रस्त्यावर दिसतात ती याच तयारीत. 1.6 किलोमीटर धावायचं आणि मग बीमला लोंबकळायचं. दहा पुल-अप काढले की त्याचे पूर्ण 40 गुण. ज्यांनी हे नियम केले त्यांना धावणारं शरीर कसं असतं ते नीट ठाऊक असावं. आपला अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातला, सैन्यातला जवान. त्याने 2024 साली पॅरिसला डायमंड लीगमध्ये 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, 8:09.91 मध्ये पूर्ण केली. तो बेंच किती मारतो, हे विचारावंसं मला कधी वाटलं नाही.

मग धावताना हात करतात तरी काय? आता सगळ्यांनी उभं राहायचं. आजींनी बसावं, चालेल. दोन्ही हात डोक्यावर ठेवा आणि जागच्या जागी जरा धावा. अर्धं मिनिट. …झालं? बसा. कंबर कशी डावी-उजवीकडे हिसके देत होती, जाणवलं ना? पाय पुढे गेला की धड फिरायला बघतं, समोरचा हात त्याला आवरतो. 2014 साली कोलोरॅडो विद्यापीठात आरेलानो आणि क्रॅम या दोघांनी हे मोजलं. हात पाठीमागे धरून धावलं तर शक्ती तीन टक्के जास्त लागते, छातीवर बांधले तर नऊ टक्के, डोक्यावर ठेवले तर तेरा. तुम्ही आत्ता तेरा टक्केवाले होता.

एक हात म्हणजे शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के, साठ किलोच्या माणसाचा तीन किलो. चार तासांची मॅरेथॉन म्हणजे चाळीस हजारांवर पावलं. त्यातल्या निम्म्या पावलांना, म्हणजे वीस हजार वेळा, तो तीन किलोचा हात कोपरात वाकवून पुढे आणायचा. वास्कोच्या रिव्हर मॅरेथॉनला तिसाव्या किलोमीटरच्या पुढे उभे राहून लोकांचे फक्त खांदे बघा. पायांकडे बघूच नका. खांदे कानांपर्यंत चढलेले, मुठी आवळलेल्या, कोपरं बाहेर, मान पुढे. श्वास वरच्यावर. पाय दुखतात हे सगळे सांगतात, पण मानेच्या खाली दोन्ही बाजूंना जी आग होते ती कुणी सांगत नाही. तिथे लागणारी ताकद एकदाच 80 किलो उचलण्याची नसते, थोडंसं ओझं चार तास न कुरकुरता बाळगण्याची असते.

अर्थात अपवाद आहेत, आणि ते मला फार आवडतात. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक धावायचा तेव्हा त्याचं डोकं एकीकडे, खांदे दुसरीकडे, चेहरा असा की कुणी सुरी खुपसलीय. त्याच अवतारात त्याने 1952 साली हेलसिंकीला पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णपदकं नेली. इथिओपियाचा हैले गेब्रेसेलासी लहानपणी पुस्तकं बगलेत धरून दहा किलोमीटर धावत शाळेत जायचा, त्यामुळे त्याचा डावा हात कायम पुस्तकं धरल्यासारखा वाकडा राहिला. त्याच वाकड्या हाताने 2008 साली मॅरेथॉनमध्ये 2:03:59 चा विश्वविक्रम केला. तेव्हा ‘आदर्श शैली’ वगैरे शब्द मी जरा जपूनच वापरतो.

वजनांचा धावण्याला फायदा होतो का, असं विचाराल तर होतो. पण तो बहुतेक कंबरेखालून येतो. 2008 साली नॉर्वेत धावपटूंना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा जड वजनाचे अर्धे स्क्वॉट्स, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन अर्ध्या उठाबशा, करायला लावले, चार-चारचे चार सेट. त्याच वेगाने धावायला लागणारी शक्ती पाच टक्क्यांनी कमी झाली आणि वजन वाढलं नाही. तिथे बेंचवर कुणी झोपलं नव्हतं.

मग वरच्या अंगासाठी जिममध्ये जावं कशाला? मला ते बावन्नाव्या वर्षी कळलं, जूनमध्ये, पावसात. फर्मागुडीच्या वरच्या अंगाला चिऱ्याच्या खाणीजवळची पायवाट. शेवाळलेल्या चिऱ्यावरून पाय सटकला. हात पुढे टेकले, पण त्यांनी अंग पेललंच नाही. हनुवटी दगडावर आणि डावं मनगट मोडलं. हृदय तिशीतल्या माणसाचं, असं डॉक्टर म्हणाले, आणि हाताचा एक्स-रे बघून गप्प झाले. तीस वर्षं मी पायांच्या हाडांना रोज ठोके दिले होते. हातांना काय दिलं? चहाचा कप!

प्लास्टर निघालं तेव्हा भिंतीला हात टेकून पुश-अप काढायला लागलो, दहा-दहा. मग ओट्यावर, मग जमिनीवर. ढकलण्यापेक्षा ओढण्यावर भर दिला, कारण धावणाऱ्याचे खांदे आधीच पुढे आलेले असतात. आठवड्यातून दोन दिवस, वीस मिनिटं. विहिरीवरून दोन भरल्या कळशा दोन हातांत घेऊन, खांदे खाली ठेवून, न डुचमळता घरापर्यंत येणं हा त्यातला मला सगळ्यात आवडणारा व्यायाम. पूर्वी आमच्या आईचा तो रोजचा होता, आणि तिला त्याचं कौतुक शून्य.

आज मी एकसष्ट वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात वहीत नोंद केली: पुल-अप पाच, बेंच प्रेस 45. म्हणजे चोविसाव्या वर्षी जो 50 चा रॉड छातीवर बसला, त्याच्या पाच किलो अलीकडे. पन्नास अजून लावून पाहिलेले नाहीत. शेजारी तसा मुलगा उभा असेल त्या दिवशी लावीन.

आता प्रश्न घेऊ. मागे त्या बाई केव्हाच्या हात वर करून आहेत. बाई, आधी हात खाली करा, खांदा भरून येईल.