शंभरचं पेट्रोल आणि बाकावरची रेघ

(नवापूर रेल्वे स्थानक. सकाळ. फलाटावरचं एक बाक.)

या बाकाच्या मधोमध एक रेघ आहे. रेघेच्या एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला गुजरात. नंदुरबार जिल्ह्यातल्या या स्थानकाची तिकीट खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. येणारे-जाणारे बाकावर बसून फोटो काढतात, हसतात, गाडी आली की निघून जातात.

रस्त्यावर मात्र हीच रेघ खिशाला लागते. 2024-25 मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला 103 रुपयांच्या वर होतं, अहमदाबादेत 95 च्या आत. आणि गंमत अशी की डिझेल दोन्ही शहरांत जवळजवळ एकाच दरात, नव्वदच्या आसपास. म्हणजे डिझेलसाठी ट्रकवाल्याला सीमा ओलांडायचं फारसं कारण नाही. ओलांडतात ते पेट्रोलवाले. ज्याची कार आहे, तो टाकी तिकडेच फुल्ल करून येतो. पस्तीस लिटरला तीनशे रुपये वाचत असतील तर कोण नाही जाणार?

(दरफलक. नोझल. मीटरवरचे आकडे.)

हा फरक येतो कुठून? 2024 च्या जुलैतला मुंबईतला एक लिटर घेऊ. 103 रुपये 44 पैसे. त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क 19 रुपये 90 पैसे. राज्याचा व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, 25 टक्के, आणि त्यावर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे अधिभार. राज्याचे सगळे मिळून चोवीस-पंचवीस रुपये होतात. शंभरचं पेट्रोल टाकलंत, तर त्यातले चाळीसहून जास्त रुपये कराचे. शिवाय व्हॅट लागतो तो उत्पादन शुल्क धरून झालेल्या किमतीवर. म्हणजे करावर कर, आणि नुसते त्याचेच पाचेक रुपये.

केंद्राच्या त्या 19 रुपये 90 पैशांचीही फोड बघा. राज्यांबरोबर वाटून घ्यायचं मूळ शुल्क त्यात फक्त 1 रुपया 40 पैसे होतं. बाकी सगळं अतिरिक्त शुल्क आणि उपकर, त्यात राज्यांना वाटा नाही. राज्यं पेट्रोलला इतकी घट्ट धरून का बसतात, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. जीएसटी आल्यावर राज्यांच्या हातात स्वतः दर ठरवता येतील असे मोठे कर मोजकेच उरले. पेट्रोल त्यातलं एक.

उरलेलं अर्धं उत्तर आपल्या राज्यातलं. 2015 साली दुष्काळ पडला. सरकारने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये दुष्काळासाठी लावले. त्या वर्षी मराठवाड्याची जी अवस्था होती, ती ज्यांनी पाहिली त्यांनी दोन रुपयांसाठी कुरकुर केली नसती. मीही केली नाही. पण पुढे पाऊस झाला, धरणं भरली, आणि अधिभार राहिला. 2020 च्या जूनमध्ये तो पेट्रोलवर 10 रुपये 12 पैसे झाला होता. 2022 च्या जुलैत पाच रुपये कमी केले, म्हणून आज आपण 5 रुपये 12 पैसे म्हणतो. दुष्काळाच्या नावाने घेतलेला पैसा दुष्काळावर किती गेला, हे पंपावरच्या कुठल्याही पावतीवर लिहिलेलं नसतं.

(बांदा. महामार्ग. पलीकडे गोव्यातली पत्रादेवी.)

सिंधुदुर्गातल्या लोकांना हे सगळं नवीन नाही. 2012 मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट 20 टक्क्यांवरून थेट 0.1 टक्क्यावर आणला. लिटर अकराएक रुपयांनी उतरलं. बांद्याहून पत्रादेवी ती किती लांब! दोडामार्गातून तर गोवा चालत गाठता येतो. पुढे गोव्यानेही कर वाढवत नेला, तरी 2024-25 पर्यंत दोन्हीकडच्या दरांत आठ-नऊ रुपयांचं अंतर होतंच.

कोल्हापूरकडची सीमा थोडी वेगळी. कागल ओलांडून कर्नाटकातल्या कोगनोळीला लोक टाकी भरायचे. 2024 च्या जूनमध्ये कर्नाटकाने विक्रीकर वाढवला, पेट्रोल तीन रुपयांनी चढलं आणि ते अंतर आटलं. एका सरकारी आदेशाने एका रात्रीत गिऱ्हाईक इकडचं तिकडे होतं, तिकडचं इकडे.

यात सीमेच्या अलीकडच्या पंपवाल्याचं काय होतं ते ऐका. त्याच्या कमिशनचा मोठा भाग लिटरवर ठरलेला असतो. पेट्रोल साठ रुपये असो की शंभर, त्याच्या हाती लिटरमागे मोजकेच रुपये. दर वाढला की टँकर मागवायला जास्त पैसे आधी भरायचे. सेल बसला तरी नोझलवरच्या मुलांचे पगार आणि विजेचं बिल तेवढंच. 3 नोव्हेंबर 2021 च्या संध्याकाळी, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, केंद्राने शुल्क पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दहा रुपयांनी कमी केलं. आपण खूश झालो. पण ज्याने सणाच्या गर्दीसाठी टाक्या भरून ठेवल्या होत्या, त्याने जुना कर भरून घेतलेला माल दुसऱ्या दिवशी नव्या दराने विकला. 2022 च्या मे महिन्यात, एका शनिवारी संध्याकाळी, पुन्हा तेच.

(परभणी. दुपार. दुचाकींची रांग.)

आणि आता परभणी. इथून जवळ ना गुजरात, ना गोवा. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून जवळपास तीनशे किलोमीटरवरून टँकर येतात, त्यामुळे वाहतूक खर्च वाढतो आणि राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलच्या बातमीत परभणीचं नाव वर्षानुवर्षं असतं.

रांगेत बघा कोण आहे. दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल. शिकवणीला निघालेली मुलगी स्कूटीवर. गवंडी, मागे त्याचा जोडीदार, मधे थापी-ओळंब्याची पिशवी. "झिरो बघून घ्या," मुलगा म्हणतो. "शंभरचं टाक." मीटर पळतं आणि एक लिटर व्हायच्या आत थांबतं.

केंद्राच्या पेट्रोलियम नियोजन आणि विश्लेषण कक्षासाठी झालेली देशभरची एक पाहणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसलं की देशातलं साठ टक्क्यांहून जास्त पेट्रोल दुचाकी पितात. पेट्रोल म्हणजे मोटारवाल्यांची चैन, हा समज डोक्यातून काढून टाका. हा कर मुख्यतः या रांगेतून गोळा होतो.

ज्याच्याकडे पैसा आहे त्याला वाटा आहेत. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोल कार किलोमीटरला सात रुपये खाते. तशीच गाडी सीएनजीवर चारच्या आसपास पडते. सीएनजीवरचा व्हॅटही 1 एप्रिल 2022 पासून 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणलाय. पण तिच्यासाठी आधी नव्वद हजार-लाखभर रुपये जास्त मोजावे लागतात, आणि गावाजवळ सीएनजीचा पंप असावा लागतो. वीजगाडीला मोटार वाहन करातही सवलत. हे चांगलंच आहे, हवा स्वच्छ राहायला हवी. पण जसजशी ही मंडळी पेट्रोलमधून बाहेर पडतील, तसतसा राज्याचा हा कर कोणाकडून वसूल होणार? 2025 च्या अर्थसंकल्पात खासगी सीएनजी मोटारींवरचा कर एक टक्क्याने वाढवायचं ठरलं. ही सुरुवात दिसते.

माझं मागणं साधं आहे. त्या 5 रुपये 12 पैशांचा हिशोब अर्थसंकल्पात वेगळा दाखवा: वर्षाला किती जमला, कशावर गेला. आणि दुष्काळ नसेल त्या वर्षी तो घेऊ नका.

(मीटर. 100 रुपये. 0.95 लिटर.)

दूधवाल्याने टाकीचं झाकण लावलं. किक मारण्याआधी गाडी हलवून टाकीला कान लावला, पेट्रोल किती वाजतंय ते बघायला. उद्या सकाळी त्याला पुन्हा यावं लागेल.